पर्ल जॅमचे ‘लाईव्ह अ‍ॅट ईझी स्ट्रीट’ आणि स्वतंत्र रेकॉर्ड दुकाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे ध्वनिमुद्रण नेमके कोणते आहे?

‘लाईव्ह अ‍ॅट ईझी स्ट्रीट’ हे अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या पर्ल जॅम या रॉक बँडच्या एका छोट्या कार्यक्रमाचे सात गाण्यांचे ध्वनिमुद्रण आहे. हा कार्यक्रम २९ एप्रिल २००५ रोजी वेस्ट सिअ‍ॅटल भागातील ईझी स्ट्रीट रेकॉर्ड्स या दुकानात, म्हणजे जिथे एरवी गिऱ्हाइके रेकॉर्डी चाळत उभी असतात त्याच जागेत झाला. त्याची सीडी २० जून २००६ रोजी बाजारात आली आणि तबकडी (सुईने वाजवायची विनाइल रेकॉर्ड) मात्र त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, १३ एप्रिल २०१९ रोजी निघाली. त्या वेळी बँडमध्ये गायक एडी वेडर, गिटारवर माइक मॅक्रेडी आणि स्टोन गॉसर्ड, बेसवर जेफ अमेंट आणि ड्रम्सवर मॅट कॅमरन होते.

स्टेडियम भरवणारा बँड दुकानात वाजवायला का गेला?

निमित्त दुकानदारांचेच होते. अमेरिकेतील स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांच्या मालकांनी १९९५ मध्ये ‘कोएलिशन ऑफ इंडिपेंडंट म्युझिक स्टोअर्स’ नावाची संघटना उभी केली होती आणि तिच्या दहाव्या वर्षीच्या संमेलनाच्या वेळी, आधी कोणताही गाजावाजा न करता, हा कार्यक्रम झाला. म्हणजे समोर बसलेल्यांत आणि उभ्या असलेल्यांत ज्यांनी पर्ल जॅमच्या रेकॉर्डी स्वतःच्या हातांनी फळ्यांवर लावल्या होत्या आणि गल्ल्यावर बसून विकल्या होत्या अशी माणसे होती.

परंतु निमित्त म्हणजे कारण नव्हे. ईझी स्ट्रीट १९८८ मध्ये सुरू झाले. पर्ल जॅमचा पहिला कार्यक्रम ऑक्टोबर १९९० मध्ये सिअ‍ॅटलच्याच ‘ऑफ रॅम्प’ या ठिकाणी झाला आणि पहिला अल्बम ‘टेन’ ऑगस्ट १९९१ मध्ये आला. दुकान बँडपेक्षा वयाने मोठे आहे. ज्या पिढीने रॉक संगीताचे शिक्षण शाळेत नव्हे तर रेकॉर्डच्या दुकानात, कोपऱ्यातल्या खोक्यांत बोटे घालून आणि गल्ल्यामागच्या माणसाला प्रश्न विचारून घेतले, त्या पिढीचे हे वादक आहेत. माझ्या मते या ध्वनिमुद्रणाचे खरे मोल तिथेच आहे. आभाराचे भाषण करण्याऐवजी बँडने दुकानाला असे काहीतरी दिले जे दुकानाला विकता येईल, आणि जे त्या दुकानाच्या भिंतींशिवाय निर्माणच झाले नसते.

‘स्वतंत्र’ दुकान कोणाला म्हणायचे?

सोप्या भाषेत सांगायचे तर माल कोणता मागवायचा हे ज्या दुकानाचा मालक स्वतः ठरवतो, ज्याला दूरच्या शहरातल्या मुख्य कार्यालयाकडून यादी येत नाही, ते दुकान स्वतंत्र. रेकॉर्ड स्टोअर डे या स्वतंत्र दुकानांच्या वार्षिक उपक्रमाने स्वतःपुरती अधिक काटेकोर व्याख्या केली आहे. प्रत्यक्ष जागेत चालणारे दुकान हाच मुख्य व्यवसाय असावा, मालापैकी किमान निम्मा भाग संगीताचा असावा, कंपनीचे समभाग शेअर बाजारात नसावेत आणि मालकीचा किमान ७० टक्के वाटा त्याच राज्यातील लोकांकडे असावा, असे तिचे स्वरूप आहे. यातली शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दुकानात आलेला पैसा त्याच गावात राहतो की नाही हे तिच्यावरून कळते.

या ध्वनिमुद्रणात कोणती गाणी आहेत, आणि त्यात दुसऱ्यांची गाणी इतकी का?

सातांपैकी चार गाणी बँडची स्वतःची आहेत. ‘पोर्च’ पहिल्या अल्बममधले, ‘लुकिन’ १९९६ च्या ‘नो कोड’मधले, तर ‘सेव्ह यू’ आणि ‘हाफ फुल’ ही दोन २००२ च्या ‘रायट अ‍ॅक्ट’मधली आहेत. उरलेली तीन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पंक (वेगवान, बंडखोर वळणाचे रॉक) बँडांची आहेत : सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीजचे ‘ब्लीड फॉर मी’, तिथल्याच अ‍ॅव्हेंजर्सचे ‘द अमेरिकन इन मी’ आणि लॉस एंजेलिसच्या ‘एक्स’ या बँडचे ‘द न्यू वर्ल्ड’. या शेवटच्या गाण्यात ‘एक्स’चा गायक आणि बेसवादक जॉन डो स्वतः बँडसोबत गायला आहे.

ही निवड ऐकताना दुकानाचा संदर्भ मनात ठेवावा. अशा पंक बँडांची गाणी मोठ्या रेडिओ केंद्रांवर क्वचितच वाजत. ती श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती लहान कंपन्यांनी काढलेल्या आणि लहान दुकानांनी ठेवलेल्या रेकॉर्डींमधून. ज्या वाटेने ती गाणी वादकांच्या कानांपर्यंत आली, त्याच वाटेवर उभे राहून त्यांनी ती परत वाजवली. ‘लुकिन’ तर जेमतेम एका मिनिटाचे गाणे आहे आणि त्याचे नाव सिअ‍ॅटलच्याच मडहनी या बँडच्या बेसवादकावरून आले आहे. ते गावातल्या दुकानात वाजावे यात एक घरगुती औचित्य आहे.

दुकानात असे ध्वनिमुद्रण करतात तरी कसे?

थेट ध्वनिमुद्रणाची मूळ पद्धत सगळीकडे सारखीच असते. प्रत्येक मायक्रोफोनमधून येणारा आवाज दोन वाटांनी वळवतात. एक वाट श्रोत्यांसाठी लावलेल्या स्पीकरांकडे जाते आणि दुसरी ध्वनिमुद्रण यंत्राकडे, जिथे गळा, गिटार, बेस आणि ड्रम्सचा एकेक भाग वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरतो. यामुळे कार्यक्रमाच्या वेळी स्पीकरमधून काय ऐकू आले यावर नंतरचे मिश्रण अवलंबून राहत नाही. आवाजांचे प्रमाण पुढे स्टुडिओत बसून निवांतपणे ठरवता येते.

दुकानात खरी अडचण येते ती खोलीमुळे. मोठ्या सभागृहात ड्रम्सचा आवाजही स्पीकरमधून वाढवून द्यावा लागतो. छोट्या जागेत तो आपसूकच सगळ्यांपर्यंत पोहोचतो, इतकेच नव्हे तर गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. गायकाच्या ट्रॅकवर झांजांचा आवाज बसला की तो नंतर नीट वेगळा काढणे फार अवघड होते, आणि गळ्याचा आवाज वर न्यावा तर झांजाही वर येतात. छत बुटके असेल तर आवाज त्यावर आपटून फार लवकर परत येतो आणि खालचे स्वर गढूळ होतात. काचेची दर्शनी खिडकी उंच स्वर जसेच्या तसे परत फेकते.

याउलट दुकानाचे सामान मात्र मदतीला येते, आणि ही गोष्ट मला कायम मोहात पाडते. रेकॉर्डींनी गच्च भरलेला रॅक हा सपाट भिंतीसारखा नसतो. त्याच्या कडा, खाचा, मध्ये राहिलेल्या फटी आणि कागदी वेष्टनांची उंचसखल ओळ आवाजाला एकाच दिशेने परत न पाठवता अनेक दिशांना विखुरते, तर गर्दी करून उभी असलेली माणसे आणि त्यांचे कपडे उंच स्वरांची धार शोषून घेतात. दुकान रिकामे असताना केलेली आवाजाची चाचणी आणि दुकान भरल्यावरचा आवाज यांत म्हणूनच इतका फरक पडतो.

श्रोत्यांच्या टाळ्यांसाठी वेगळे मायक्रोफोन लावावे लागतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर या वेगाने जातो, म्हणजे बँडपासून दहा मीटर दूर ठेवलेल्या मायक्रोफोनपर्यंत तो एका सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागाइतका उशिरा पोहोचतो. मिश्रण करताना हे अंतर जुळवून घेतले नाही, तर ड्रमचा प्रत्येक ठोका दुहेरी आणि सैल ऐकू येतो. दुकानात हे अंतर मुळातच कमी असल्यामुळे श्रोते आणि बँड एकाच श्वासात ऐकू येतात. पन्नास हजार लोकांच्या टाळ्या पावसाच्या सरीसारख्या एकजीव होऊन जातात. खोलीभर माणसांच्या टाळ्यांत मात्र प्रत्येक तळहात वेगळा कळतो, आणि कोण कोणत्या बाजूला उभे आहे याचाही अंदाज येतो.

मोठ्या सभागृहातले थेट ध्वनिमुद्रण अधिक चांगले नसते का?

ते वेगळे असते. याच बँडने २२ ऑक्टोबर २००३ रोजी सिअ‍ॅटलच्या बेनारोया हॉल या सुरेख सभागृहात बहुतांशी अकूस्टिक (विजेच्या जोडणीशिवाय वाजणाऱ्या) वाद्यांवर कार्यक्रम केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे स्वर हवेत लांबवर तरंगतात आणि गाण्यांमधली शांतताही ऐकू येते. ईझी स्ट्रीटमध्ये आवाजाला तरंगायला जागाच नाही; तो अंगावर येतो. एकच बँड, एकच शहर, मध्ये फक्त दीड वर्ष, आणि तरीही दोन ध्वनिमुद्रणांत इतके अंतर पडते ते बरेचसे जागेमुळे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहावीत अशी माझी शिफारस आहे.

पर्ल जॅमची थेट ध्वनिमुद्रणे एवढ्या मोठ्या संख्येने कशी उपलब्ध आहेत?

बँडच्या कार्यक्रमांची चोरून केलेली ध्वनिमुद्रणे चढ्या भावाने विकली जात आणि त्यांचा दर्जाही अनेकदा सुमार असे. यावर बँडने खटले भरण्याचा मार्ग घेतला नाही. सन २००० च्या युरोप आणि उत्तर अमेरिका दौऱ्यांतील जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम बँडने स्वतःच नीट ध्वनिमुद्रित केला आणि साध्या तपकिरी पुठ्ठ्याच्या वेष्टनात, माफक किमतीत बाजारात आणला. असे एकूण ७२ संच निघाले. सप्टेंबर २००० मध्ये आलेल्या पहिल्या खेपेतील पाच संच अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या सर्वाधिक खपाच्या अल्बमांच्या यादीत एकाच आठवड्यात दाखल झाले, आणि एकाच बँडचे इतके नवे अल्बम एकदम यादीत येण्याची ती पहिलीच वेळ होती.

या पार्श्वभूमीवर ईझी स्ट्रीटचे सात गाण्यांचे ध्वनिमुद्रण आकाराने अगदीच लहान वाटते. परंतु दौऱ्यातले संच हे रोजनिशीच्या पानांसारखे आहेत, तर हे ध्वनिमुद्रण हे कोणाला तरी उद्देशून लिहिलेले पत्र आहे.

सीडी फक्त स्वतंत्र दुकानांतच का विकली गेली?

याचे उत्तर समजण्यासाठी त्या काळातला अमेरिकेतला धंदा समजून घ्यावा लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विजेची उपकरणे आणि घरगुती सामान विकणाऱ्या प्रचंड साखळी दुकानांनी नव्या सीडी खरेदीच्या भावात, काही वेळा त्याहूनही कमी भावात विकायला सुरुवात केली. त्यांना सीडीवर नफा नको होता. सीडीसाठी आत आलेले गिऱ्हाईक टीव्ही किंवा फ्रिज घेऊन बाहेर पडले की त्यांचे काम भागत असे. ज्याच्याकडे विकायला संगीताशिवाय दुसरे काहीच नाही त्या दुकानदाराला हा खेळ खेळताच येत नव्हता. पुढे फाइलींच्या देवाणघेवाणीने आणि ऑनलाइन विक्रीने उरलीसुरली गिऱ्हाइकेही ओढून नेली. या पडझडीतून साखळी दुकानेही सुटली नाहीत. टॉवर रेकॉर्ड्स ही नावाजलेली साखळी ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे ईझी स्ट्रीटची सीडी आल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, दिवाळखोरीत गेली आणि वर्ष संपेपर्यंत तिची अमेरिकेतली दुकाने बंद झाली.

अशा वेळी दुकानदाराला सहानुभूतीपेक्षा जास्त गरज असते ती दुसरीकडे न मिळणाऱ्या मालाची. किमतीच्या लढाईत लहान दुकान हरणार हे ठरलेलेच असते. परंतु एखादी वस्तू फक्त त्याच्याचकडे असेल, तर लढाईच होत नाही. सीडी घ्यायला आलेला माणूस दाराच्या आत येतो, आणि दाराच्या आत आलेला माणूस खोकी चाळल्याशिवाय सहसा परत जात नाही. बँडने दिलेली मदत व्यवहाराच्या भाषेत होती, म्हणून ती उपयोगी पडली.

बँडने ही भूमिका पुढेही पाळली का?

बऱ्याच अंशी पाळली, आणि जिथे तडजोड केली तिथेही दुकानदारांना वगळले नाही. सप्टेंबर २००९ मध्ये आलेला ‘बॅकस्पेसर’ हा अल्बम बँडने स्वतः काढला, तेव्हा मोठ्या साखळ्यांपैकी केवळ टार्गेट या कंपनीशी करार केला. या करारावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही. परंतु त्याच व्यवस्थेत स्वतंत्र दुकानांना तो अल्बम पहिल्या दिवसापासून विकण्याची मुभा राखून ठेवलेली होती, आणि ही नोंद टीका करणाऱ्यांनीही घ्यायला हवी.

तबकडीवरचे बँडचे प्रेम जुने आहे की अलीकडच्या लाटेतले?

जुने आहे. १९९४ मध्ये, जेव्हा अमेरिकेत बहुतेक कंपन्यांनी तबकडी जवळजवळ मोडीत काढली होती, तेव्हा पर्ल जॅमने ‘व्हायटॉलॉजी’ हा अल्बम २२ नोव्हेंबरला आधी तबकडीवर आणला आणि सीडी दोन आठवड्यांनी, ६ डिसेंबरला दिली. पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ३४,००० तबकड्या विकल्या गेल्या आणि १९९१ मध्ये विक्रीची संगणकीय मोजणी सुरू झाल्यापासूनचा, एका आठवड्यातील तबकडी-विक्रीचा हा उच्चांक २०१४ मध्ये अमेरिकन गायक-गिटारवादक जॅक व्हाइटच्या ‘लाझारेटो’ने मोडेपर्यंत टिकला. त्याच अल्बममधले ‘स्पिन द ब्लॅक सर्कल’ हे गाणे तबकडीवर सुई टेकवण्याच्या क्रियेवरच बेतलेले आहे. त्याला १९९६ मध्ये हार्ड रॉक विभागातला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

रेकॉर्ड स्टोअर डे म्हणजे काय, आणि त्याचा या ध्वनिमुद्रणाशी काय संबंध?

स्वतंत्र दुकानदारांनी २००७ मध्ये ही कल्पना मांडली आणि पहिला दिवस १९ एप्रिल २००८ रोजी साजरा झाला. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील रास्पुटिन म्युझिक या दुकानात मेटॅलिका या हेवी मेटल बँडने चाहत्यांना भेटून त्याची सुरुवात केली. एप्रिलमधील एका शनिवारी केवळ या दुकानांसाठी म्हणून काढलेल्या खास रेकॉर्डी विक्रीला येतात, दारापुढे पहाटेपासून रांगा लागतात आणि अनेक ठिकाणी दुकानातच कार्यक्रम होतात. दरवर्षी एखाद्या कलाकाराला या दिवसाचा दूत नेमले जाते. २०१९ मध्ये हा मान पर्ल जॅमला मिळाला आणि त्याच वेळी ‘लाईव्ह अ‍ॅट ईझी स्ट्रीट’ची तबकडी आली.

या दिवसावर टीकाही होते. ती कितपत खरी आहे?

बरीचशी खरी आहे. मोजक्या प्रती घेऊन त्या संध्याकाळपर्यंत दुप्पट भावाने ऑनलाइन विकणारे लोक दर वर्षी रांगेत असतात. खास रेकॉर्डी दुकानदाराला परत करता येत नाहीत, त्यामुळे न विकलेल्या मालात त्याचे भांडवल अडकते. शिवाय तबकड्या दाबणारे कारखाने थोडे असल्याने एप्रिलच्या आधी काही महिने तिथे मोठी गर्दी होते आणि लहान कंपन्यांच्या कामाला उशीर होतो. या साखळीतले काही दुवे तर फारच नाजूक आहेत. तबकडीचा मूळ साचा ज्या लाखेच्या चकतीवर कोरतात ती चकती तयार करणारे जगात प्रामुख्याने दोनच कारखाने होते आणि त्यांपैकी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत नष्ट झाला. तरीही माझे मत या दिवसाच्या बाजूने आहे, कारण वर्षातला तो एक शनिवार अनेक दुकानदारांचे काही महिन्यांचे भाडे भागवून जातो.

आणखी कोणत्या बँडने दुकानात असे ध्वनिमुद्रण केले आहे का?

मेटॅलिकाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. नॅशव्हिल येथील ग्रायमीज या स्वतंत्र दुकानाच्या खाली असलेल्या ‘द बेसमेंट’ या लहानशा जागेत त्यांनी जून २००८ मध्ये कार्यक्रम केला आणि ‘लाईव्ह अ‍ॅट ग्रायमीज’ या नावाने तो २०१० मध्ये स्वतंत्र दुकानांसाठी काढला. २०१६ मध्ये दूत असताना याच बँडने पॅरिसच्या बाताक्लां सभागृहातील आपला २००३ चा कार्यक्रम रेकॉर्ड स्टोअर डेसाठी प्रसिद्ध केला आणि त्याचे उत्पन्न नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या सभागृहासह पॅरिसमध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या मदतकार्याला दिले.

तबकडी घ्यावी की सीडी?

हा कार्यक्रम छोटा आहे, आणि ही तबकडीच्या दृष्टीने जमेची बाजू ठरते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास संगीत आरामात बसते. त्याहून जास्त कोंबले तर खाच अरुंद करावी लागते आणि आवाज दबतो. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना प्रत्येक फेऱ्यात सुईखालून जाणारे अंतर कमी होत जाते, त्यामुळे उंच स्वर आतल्या भागात किंचित खरखरीत होतात. सात गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला या दोन्ही अडचणी फारशा भेडसावत नाहीत. सीडीचा आवाज स्वच्छ आहे आणि ती सहसा स्वस्त मिळते. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही त्यांनी केवळ हौसेपोटी तबकडी घेऊन भिंतीवर लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वापरलेली प्रत घेताना काय पाहावे?

तबकडी कडेला आणि मधल्या लेबलला धरून उजेडाखाली तिरपी करावी. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत, परंतु नखाला जाणवेल असा ओरखडा हमखास टकटक करतो. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून ती वाकलेली नाही ना हेही पाहावे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे वेष्टनावरच्या माहितीशी ताडून घ्यावेत. घरी आणल्यावर ती उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. आणि शंका असेल तर गल्ल्यामागच्या माणसाला ती दुकानातल्या प्लेअरवर लावायला सांगावी. अशा दुकानांत ही विनंती कोणाला वावगी वाटत नाही, आणि पहिले गाणे सुरू झाले की शेजारी रेकॉर्डी चाळणारी दोन माणसे तरी मान वर करून काय लागले आहे ते विचारतात.